पापणीमास्तरांची मोजणी

हिंगोलीत भर मे महिन्यात पंखा बंद ठेवून गिऱ्हाइकाला घामाघूम करणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. मोंढ्याकडून एसटी डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. इतकं अरुंद, की दोन माणसं समोरासमोर बसली की तिसऱ्यानं रस्त्यावरच उभं राहायचं. छताला पंखा होता, तो बिघडलेलाही नव्हता, पण त्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारून ठेवली होती. कुणी कुरकुर केली की ते टेबलाखालून हातपंखा काढून द्यायचे आणि बजावायचे, "पायावर घाल वारा. तोंडावर न्हाई. डोळ्याची ओल उडती."

गाव त्यांना पापणीमास्तर म्हणायचं. मास्तर ते कधीच नव्हते. सरकारी दवाखान्यात लोकांचे डोळे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. पण शिकवायची हौस दांडगी, आणि धडा एकच. माणसानं पापणी मिटली पाहिजे. पूर्ण मिटली पाहिजे. अर्धवट नाही. बोलता बोलता ते स्वतः मध्येच डोळे मिटून घ्यायचे आणि पाच-सहा सेकंद तसेच बसायचे. नवखा माणूस घाबरायचा, म्हाताऱ्याला चक्कर आली की काय म्हणून. मग ते डोळे उघडून शांतपणे सांगायचे, "काई न्हाई. डोळ्याला पाणी पाजलं."

त्यांच्या टेबलावर फ्रेमच्या खोक्यांमागं दोन स्टीलच्या वाट्या असायच्या. एकीत ज्वारीचे दाणे, दुसरी रिकामी. कुणी डोळे चुरचुरतात म्हणून आलं की मास्तर त्याला समोर बसवायचे आणि भलतंच काहीतरी विचारायचे. सोयाबीन कसं आलं, लेकीला कुठं दिली, पलीकडच्या गल्लीतलं भांडण मिटलं का. माणूस रंगात यायचा. इकडं मास्तरांचा उजवा हात खोक्यांमागं गुपचूप चाललेला असायचा. समोरच्यानं पापणी मिटली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. पाच मिनिटांनी दाणे मोजून निकाल सांगायचे. "एकोणतीस. लई कमी. डोळे उघडे टाकून बसता तुमी, दार उघडं टाकल्यावानी."

मशीनवर का नाही तपासत, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मशीनम्होरं बसवलं की माणूस शहाण्यासारखं वागतंय. गप्पा मारताना खरं काय ते दिसतंय."

ही मोजणी त्यांची सहसा चुकायची नाही. पण एकदा औंढ्याकडचा एक शेतकरी आला होता. त्याचा बैल बाजारातून सुटला आणि तीन दिवसांनी आपल्या पायानं घरी आला, ही हकिगत तो सांगत होता. ऐकता ऐकता मास्तरांचा हात थांबला. बैल दारात येऊन उभा राहिला तेव्हा ते भानावर आले, वाटीत पाहिलं आणि म्हणाले, "मोजणी चुकली, दादा. पैल्यापासून सांगा." शेतकऱ्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा बैल दारात आला, पुन्हा हात थांबलेला. तिसऱ्या खेपेला तो शेतकरीच इतका खुलला की बैलाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मी बाहेर रस्त्यावर उभी राहून हसू दाबत होते. त्या दिवसांत मी त्यांना फार हसायचे. पुढं मी काय केलं ते आठवलं की त्या हसण्याचीसुद्धा लाज वाटते.

मी त्यांच्याकडे गेले ती लेन्स घ्यायला. आमचं घर शिरड शहापूरचं. मी रोज एसटीनं हिंगोलीला यायचे आणि मोंढ्यात एका हळदीच्या आडतीवर संगणकावर काम करायचे. कोणाचा माल, किती पोती, किती वजन, हे दिवसभर टिपायचं. शाळेत असल्यापासून मला जाड भिंगांचा चष्मा. बघायला आलेली तीन स्थळं चष्म्यावरून परत गेली. उघड कुणी म्हणत नसे. "मुलगी छान आहे, पण..." एवढं म्हणून थांबत. तो "पण" माझ्या नाकावर बसलेला असायचा. शेवटी मावशीनं मनावर घेतलं आणि मला मास्तरांसमोर नेऊन बसवलं.

"लेन्सा काहून पायजेत?" मास्तरांनी विचारलं.

"लग्न जमवायचंय पोरीचं," मावशी म्हणाली.

"मंग नवरदेवाच्या डोळ्यात घाला की. त्याला नीट दिसंल."

मावशी उठून निघालीच होती. मीच तिला हाताला धरून बसवलं. मास्तरांनी लेन्स दिल्या, पण लगेच नाही. आधी आठ दिवस मला नुसतं बोटं धुवायला शिकवलं. त्यांच्या भाषेत, हळदीच्या मोंढ्यातल्या माणसाची बोटं एकदा धुऊन धुतली जात नाहीत. साबणानं दोनदा धुवायची, कोरडी करायची, आणि मग पांढऱ्या कागदावर दाबून दाखवायची. कागदावर पिवळा ठसा उमटला की त्या दिवशी लेन्सला हात नाही. चार दिवस माझा ठसा उमटत राहिला. माझ्या नखांत इतकी हळद असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी एक लांबट वही पुढं केली. प्रत्येक लेन्सवाल्याकडून ते त्या वहीत लिहून घेत. सही चालायची नाही. "सई कुणीबी ठोकतंय. आपल्या हातानं, आपल्या शब्दांत लिव्हा," असं त्यांचं म्हणणं. मी लिहिलं, आठ तासांच्या वर लेन्स घालणार नाही, लेन्स घालून झोपणार नाही, लेन्सला पाणी लावणार नाही. खाली नाव घातलं.

पहिला महिना मी हवेत होते. मग त्रास सुरू झाला. दुपार झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, पडद्यावरची अक्षरं धुरकट दिसायची, आणि संध्याकाळी एसटीत बसेपर्यंत डोळे लालभडक. मी काय करावं? औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणले. टाकले की दोन मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. दिवसातून चारदा, मग सहादा. लाली जायची, चुरचुर जायची नाही.

एकदा दुकानात मी थेंब टाकताना मास्तरांनी बघितलं. त्यांनी ती बाटली हातात घेतली, दूर धरून वाचली, दुकानाबाहेर गेले आणि सगळी गटारीत ओतून आले.

"अहो, भरलेली होती!"

"भेगाळल्या भिंतीला चुना मारून राहिली तू," ते म्हणाले. "वरून पांढरं दिसतंय. भेग तशीच."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तितकं सोपं करून पुढं कुठल्याच डॉक्टरनं सांगितलं नाही. डोळ्यावर पाण्याचा एक पातळ थर असतो. लेन्स त्या थरावर बसते, आणि तिलाही ओल लागते. पापणी मिटली की थर नव्यानं पसरतो, नाही मिटली की सुकतो. पापणीच्या कडेला बारीक तेल असतं, ते पाण्यावर राहिलं तर पाणी टिकतं. मी दिवसभर पडद्याकडे टक लावून बसते, वर पंखा, भोवती हळदीची धूळ, आणि येता-जाता एसटीच्या खिडकीचा वारा. "त्या लेन्सनं जगावं कसं, सांग बरं?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मास्तर छत्री घेऊन आमच्या आडतीवर हजर. शेठना वाटलं, माल बघायला कुणी आलंय. मास्तर थेट माझ्या टेबलाशी आले, माझ्या खुर्चीत बसले, पडद्याकडे बघितलं. पडदा उंच राहावा म्हणून आम्ही त्याखाली दोन विटा ठेवल्या होत्या. त्यांनी त्या काढून खाली ठेवल्या. "वर बघितलं की डोळा जास्ती उघडतो. खाली बघितलं की पापणी अर्धं काम करती." मग टेबलफॅनचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि शेठना म्हणाले, "ह्या पोरीला दर तासाला दोन मिंटं डोळे मिटून बसू द्या. झोपली म्हणून वरडू नका." शेठ जन्मात कुणाचं ऐकत नसत. ते "बराबर, बराबर" म्हणत मान हलवत राहिले. हमाल हसत होते आणि मी शरमेनं लाल झाले होते. तेव्हा मला तीच शरम फार मोठी वाटली.

पण गुण आला. लेन्सवर चालणारे साधे, अश्रूंसारखे थेंब त्यांनी दिले, आणि झाकणावर पेनानं उघडल्याची तारीख घातली. रात्री गरम पाण्यात पिळलेलं फडकं पापण्यांवर ठेवायचं, मग बोटानं कडा हलकेच पुसायच्या. आठवड्यातले दोन दिवस चष्मा. एसटीत खिडकी सोडून आतली जागा. महिन्याभरात वाळू गेली. वाटीतले दाणे वाढले तेव्हा मास्तरांनी ती वाटी सगळ्या गिऱ्हाइकांना फिरवून दाखवली, एखाद्या लेकराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी.

त्याच सुमाराला डोंगरकड्याचं स्थळ जमलं. मुलाचं शेती-औषधांचं दुकान, माणसं मोकळी. बघायला आले तेव्हा मी लेन्स घालून होते. चष्म्याचा विषय निघाला नाही आणि आम्ही काढला नाही. साखरपुडा झाला. मग माझे चष्म्याचे दोन दिवस बंद पडले, कारण सासरची माणसं हिंगोलीला बाजाराला यायची, कुणी बघितलं तर? आठ तासांचे बारा झाले, बाराचे चौदा. वाळू परत आली.

मास्तरांना दाणे मोजायचीही गरज पडली नाही. "नवऱ्याला सांगितलं का चष्म्याचं?" त्यांनी विचारलं.

"सांगणार आहे."

"ते तुझं तू बघ. डोळ्याचं मी बघतो. हळदीच्या दिवशी लेन्स घालायची न्हाई. अंगाला हळद, बोटाला हळद, चुलीचा धूर. चष्मा घाल, न्हाईतर आंधळी होऊन बस पाटावर, पण लेन्स नगं."

मी हो म्हटलं. त्यांनी वही पुढं केली. मी लिहिलं, "हळदीच्या दिवशी लेन्स घालणार नाही, शब्द देते." खाली नाव. त्यांनी एका कापडी पिशवीत औषधाचं पाणी, थेंब आणि लेन्सची डबी भरून दिली. दवाखान्यातल्या अक्षरात एक चिठ्ठी लिहिली, डोळा दुखला, लाल झाला, तर लेन्स लगेच काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. "लग्नाचा आहेर समज," म्हणाले.

तो आहेर मी आईच्या कपाटात लुगड्यांखाली ठेवून दिला. घरात पाहुण्यांची गर्दी, कुणी पिशवी उघडली तर काय सांगायचं?

हळदीच्या दिवशी सासरकडून पाच जणी उष्टी हळद घेऊन आल्या. चष्मा घालून पाटावर बसायची माझी हिंमत झाली नाही. हळद आमच्या पट्ट्यातली, घरी कांडलेली, नुसत्या वासानं नाक भरून यावं अशी. कुणीतरी लाडानं गालापासून कपाळापर्यंत हात फिरवला आणि डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. मी हसत बसून राहिले. मग असह्य झालं तेव्हा न्हाणीत गेले, पिवळ्या बोटांनी लेन्स काढली. ती पिवळी झालेली. औषधाचं पाणी कपाटात, कपाट आईच्या खोलीत, खोलीत बाया. बाहेरून हाका सुरू झाल्या. मी बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, लेन्स त्यात खळबळून धुतली आणि परत डोळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी लग्न, फोटो, दिवे, वरात. लेन्स डोळ्यातच. झोपतानाही काढली नाही, कारण सकाळी कुणाच्या देखत घालणार?

सासरी तिसऱ्या दिवशी डावा डोळा उघडेना. उजेड सुईसारखा टोचत होता. मला नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तपासायच्या खोलीत डॉक्टरांनी माझ्या घरच्यांना बाहेर काढलं आणि म्हणाले, खरं सांगा, नाहीतर डोळा जाईल. मी सगळं खरं सांगितलं, बादलीच्या पाण्यासकट. बुबुळावर जखम झाली होती आणि ती पिकली होती.

बाहेर बाकावर आमचे हे बसले होते. लेन्सचं आणि नंबरचं त्यांना तोवर कळलं होतं. चिडले नव्हते. ते म्हणाले, "चष्मा असता तरी मला काय फरक पडला असता? पण सांगितलं काहून न्हाई?"

तेवढा एकच प्रश्न होता. मागं माझे वडील मान खाली घालून उभे होते, सासरे त्यांच्याकडे बघत होते. खरं उत्तर सोपं होतं, मी घाबरले. पण मला वाटलं, हे म्हटलं तर आपण फसवणाऱ्या ठरू, आपले आईवडील फसवणारे ठरतील, आणि हा माणूस मला याच बाकावरून माहेरी पाठवील. मी म्हणाले, "मास्तरांनी सांगितलं होतं, लेन्स वापरली की नंबर निघून जातो. लग्नापर्यंत जाईल म्हणाले. म्हणून बोलले नाही. आणि हळदीला घातली तरी चालतं, असं तेच म्हणाले."

डोळा वाचावा म्हणून आत खरं बोलले आणि संसार वाचावा म्हणून बाहेर खोटं. दोन्हींमध्ये एक दार होतं.

सगळ्यांना हायसं वाटलं. आता कुणाचीच पोरगी खोटी नव्हती, कुणाचेच व्याही लबाड नव्हते. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लेकराला फसवलं गं मेल्यानं." त्या हाताखाली मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दोन जीप हिंगोलीला गेल्या. माझा भाऊ, हे, दोन्हीकडचे काका. संध्याकाळी आमचे हे परत आले तेव्हा त्यांचा राग उतरला होता आणि ते थोडे गोंधळल्यासारखे होते. त्यांनी सांगितलं, भावानं काचेचं कपाट फोडलं, वाट्या भिरकावल्या, सगळीकडे ज्वारी झाली. रस्त्यावर माणूस मावत नव्हतं. "म्हातारा एक शब्द बोलला न्हाई. एका लांबट वहीवर हात दाबून बसला होता. नुस्तं विचारत होता, डाग बुबुळाच्या मदी हाय का कडंला? मी म्हणलं, कडंला. तर म्हणतो, मंग बरं झालं. येडं हाय ते."

ती वही कोणती आणि तिच्यात काय लिहिलंय, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. माझ्या अक्षरातलं ते पान त्यांनी उघडून धरलं असतं तर त्यांचं दुकान वाचलं असतं. त्यांनी वरून हात ठेवला. मी काळा चष्मा लावून कॉटवर पडून राहिले आणि "हो, येडेच आहेत," असं म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

माझा डोळा बरा झाला. कडेला एक पांढुरका ठिपका राहिला, दिसण्यात फरक नाही. दुकान मात्र बरं झालं नाही. मोंढ्यात गोष्ट पसरली, आणि पसरताना माझा एक डोळा पूर्ण गेला, मग दोन्ही गेले. पापणीमास्तरांचं नाव डोळेफोड्या पडलं. दिवाळीपर्यंत त्यांनी दुकान उचललं आणि तिथं मोबाईलची दुरुस्ती आली. एकदा आमच्याकडे पाहुणे चहाला जमले असताना ह्यांनी तो किस्सा सांगितला, म्हाताऱ्याची नक्कल केली, डोळे मिटून "पाणी पाजतो" म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याला आता दहा वर्षं होत आली, पण चहाचा कप हातात घेतला की अजून ते मला ऐकू येतं.

ह्या दहा वर्षांत मी हिंगोलीला कितीदा तरी गेले. दर वेळी वाटायचं, आज घर शोधू. मग पोरीला शाळेतून आणायची असायची, एसटी निघायची असायची. बहाणे मला कधी कमी पडले नाहीत.

यंदा पोरीला चष्मा लागला. नऊ वर्षांची आहे, आणि आत्ताच म्हणते, मोठी झाले की लेन्स घालणार. मोबाईल बघून तिचे डोळे चुरचुरायला लागले, म्हणून आम्ही दोघांनी तिला हिंगोलीच्या नव्या चष्मेवाल्याकडे नेलं. तो तरुण मुलगा. त्यानं नंबर पुन्हा तपासला आणि म्हणाला, "नंबर बराबर आहे. पापण्या कमी मिटते. मागच्या गल्लीत एक म्हातारे बाबा आहेत, घरीच असतात, दाणे टाकून मोजतात. लोक हसतात, पण मी लेन्सवाल्यांना तिकडंच पाठवतो."

ह्यांचा चेहरा बदलला. "तो? त्याच्याकडं माझं लेकरू न्हाई नेणार."

"मला जायचंय," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं तोडून कधी बोलले नव्हते. ते मागं आले, पण दारातच उभे राहिले, हाताची घडी घालून.

मास्तर खूप वाळले होते. खोलीत पंखा बंद. टेबलाऐवजी स्टूल, आणि स्टुलावर त्याच दोन वाट्या, एकीला पोचा पडलेला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, दारातल्या माणसाकडे एकदा बघितलं, आणि कुणाला ओळखल्याचं काही दाखवलं नाही. पोरीला समोर बसवून तिच्या मैत्रिणींची चौकशी केली. ती बडबडली. दाणे पडले. "लई कमी. पाणी पाजत जा डोळ्याला," असं म्हणून तिला डोळे पूर्ण मिटायला शिकवलं. मग उशाखालून ती लांबट वही काढली. "लिव्ह. मोबाईल किती वेळ बघणार ते. आपल्या हातानं."

पोरगी पानं उलटत रिकामी जागा शोधू लागली. जुनी पानं, जुनी नावं. त्यांत माझंही. मास्तरांनी हात पुढं करून वही तिच्याकडून हळूच घेतली, उलटी केली आणि मागून उघडून दिली. "मागून लिव्ह, माय. म्होरं समदं जुनं हाय."

म्हणजे त्यांनी मला ओळखलं होतं. दहा वर्षांनीसुद्धा ते त्या पानावर हात ठेवून होते, आणि माझा नवरा दारात उभा राहून त्यांच्याकडे गुन्हेगाराकडे बघावं तसं बघत होता.

पोरीचं लिहून झालं. मास्तर मला म्हणाले, "आता तुमी बसा. डोळे कोरडे दिसून राहिले."

मी समोर बसले. त्यांनी दाण्यांची वाटी जवळ ओढली. "बोला काईबी. घरचं, दारचं."

मी म्हणाले, "मास्तर, तुम्ही मला हळदीला लेन्स घालू नको म्हणाला होता. मी वहीत लिहून दिलं होतं. मी घातली. बादलीच्या पाण्यानं धुतली. नंबर निघून जातो असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हता. ते मी रचलं. नांदेडला, बाकावर, ह्यांना सांगितलं. तुमचं दुकान माझ्या खोट्यानं मोडलं."

मागं दारात हाताची घडी सुटल्याची चाहूल लागली. मी वळून बघितलं नाही. माझी नजर वाटीवर होती. पहिल्या दोन वाक्यांना तीन-चार दाणे पडले होते. मग एक दाणा मास्तरांच्या चिमटीतच राहिला होता, आणि हात दोन वाट्यांच्या मध्ये थांबला होता. ते माझ्याकडे बघत होते. पापणी न मिटता बघत होते. तसं त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पोरगी एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. मग मास्तरांनी तो दाणा पहिल्या वाटीत टाकला, दुसऱ्या वाटीतले दाणेही तिच्यात ओतले आणि रिकामी वाटी जागेवर ठेवली.

"मोजणी चुकली, माय," ते म्हणाले. "पैल्यापासून सांग."

मी खुर्ची थोडी वळवून घेतली, दाराकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले. या खेपेला मोठ्यानं, माझ्या पोरीलाही नीट कळेल असं.